हिरव्या टोपणातली हवा

समृद्धीवर टायर फुटल्याची बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचली होती, त्यामुळे ती कुणी सांगायच्या भानगडीत पडलं नाही. मिलिंदनं थेट निकालच दिला, "साधी हवा भरली असणार." टायरांत नायट्रोजन भरून गाडीच्या चाकांना हिरवी टोपणं बसल्यापासून मिलिंद दीक्षा घेतल्यासारखाच बोलतो.

"साधी म्हणजे?" अण्णांनी चहा खाली ठेवला. एसटीच्या टायर सेक्शनमधून निवृत्त झालेला माणूस, हा विषय त्यांच्यासमोर काढायचाच नव्हता.

"पंपावर फुकट मिळते ती."

"तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तू दोनशे रुपये मोजलेस ते उरलेल्या बावीसचे."

"पण नायट्रोजन थंड असतो, अण्णा. टायर तापतच नाही."

"थंड असायला ते काय पन्हं आहे?" बंड्या म्हणाला.

"टायर हवेनं तापत नाही रे," अण्णा म्हणाले. "त्याची बाजूची भिंत, साइडवॉल, दबून-सुटून तापतो. हवा कमी असली की दर फेऱ्याला ही भिंत जास्त दबते. ताशी १२० नं दोन तास हाण, वर मे महिन्याचं ऊन. आतले धागे रबरापासून सुटायला लागतात, मग फुटतो. आत कुठला वायू आहे याचं त्याला सोयरसुतक नाही."

"निदान गरम झाल्यावर प्रेशर तरी वाढत नाही ना?"

"वाढतं की. ३० अंशांना ३३ पीएसआय, म्हणजे गेजवरचा दाबाचा आकडा, भरलंस आणि टायर ६० वर गेला, की ३७-३८ होणारच. दोन्हींचं. फरक पाडतं ते पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, खालचा कॉक उघडून ते रोज काढायचं असतं. काढलं नाही की नळीतून टायरमध्ये जातं. तापून त्याची वाफ झाली की वर आणखी दोनेक पीएसआय, शिवाय लोखंडी रिम आतून गंजते ती वेगळीच. नायट्रोजन कोरडा असतो, तेवढा मान त्याला देऊ. पण हवा कोरडी असेल तर तीही तशीच वागते."

मिलिंदनं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "मग विमानात का भरतात?"

"१९८६ साली मेक्सिकाना या मेक्सिकोच्या विमान कंपनीचं विमान पडलं, १६७ माणसं गेली. चाकाचा ब्रेक भयंकर तापला आणि टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती, तो हवेतच फुटला. पुढच्या वर्षी अमेरिकेनं नियम केला, मोठ्या विमानांच्या ब्रेकवाल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको. तू कुठल्या रनवेवर उतरतोस?"

"सिडकोच्या स्पीडब्रेकरवरून रोज टेकऑफ घेतो की," बंड्या म्हणाला.

"ते जाऊ दे. भरताना गाडी जॅकवर घेतली होती? वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडली होती?"

"छे, पाच मिनिटांत झालं. लावली नळी, बसवलं टोपण."

अण्णांनी बंड्याच्याच सिगारेटच्या पाकिटावर हिशोब मांडला. टायरमध्ये आधीची हवा २८, तिच्यावर ५ पीएसआय नायट्रोजन. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून उतरला कितीवर? १९ च्या थोडा वर. पूर्ण रिकामा करून ९५ टक्क्यांचा नायट्रोजन ३३ पर्यंत भरला, तरी चपट्या टायरात राहिलेल्या हवेमुळे ऑक्सिजन पहिल्या खेपेला १० टक्के उरतो. पुन्हा सोडून पुन्हा भरला तर साडेसहा. "म्हणजे दोनदा सोडायचा, दोनदा भरायचा. तुझ्या दोनशेतलं एकशेऐंशी टोपणांचं."

मिलिंदचा चेहरा बघून अण्णांनाच दया आली असावी. "गळतो मात्र नायट्रोजन हळू. ऑक्सिजन रबरातून लवकर निसटतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं टायरच्या ३१ जोड्या वर्षभर ठेवून पाहिल्या होत्या. ३० भरलेल्या टायरात हवा साडेतीननं उतरली, नायट्रोजन २.२ नं. वर्षाला फरक सव्वा पीएसआयचा. तू महिन्यातून एकदा गेज लावलंस तरी भरून निघतो."

"गेज कुठंय माझ्याकडे?"

इथे अण्णा दोन क्षण काहीच बोलले नाहीत. बोलला बंड्या. "अण्णांचं पेन्सिल गेज दिवाळीत कोकणात कोण घेऊन गेलं होतं?"

ते मिलिंदच्या डॅशबोर्डच्या खणात निघालं, टोलच्या पावत्यांखाली. गाडी सकाळपासून सावलीत उभी होती, टायर थंडच होते. दारावरच्या स्टिकरवर ३३. पहिला ३३, दुसरा ३३, तिसरा ३२, मागचा डावा २७. अण्णांनी पिनवर थुंकी लावली, काही नाही. मग वॉल्व्हची रबरी मान जरा वाकवून तिच्या बुडाशी लावली. तिथं मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"टायर नवे घातलेस, वॉल्व्ह जुनेच ठेवलेस. चिरलाय हा. नायट्रोजन काय, अत्तर भरलंस तरी इथून जाणार. टायर उतरवून वॉल्व्ह बदलून घे."

"आता स्टेपनी," बंड्या म्हणाला.

"स्टेपनीलाही नायट्रोजनच आहे!" मिलिंदनं डिकी उघडत आवाज चढवला. खरंच, हिरवं टोपण होतं. त्याच्यावर धूळही होती. अण्णांनी गेज दाबलं, कांडी जेमतेम बाहेर आली. १४.

"कमी आहे," बंड्या गंभीरपणे म्हणाला, "पण शुद्ध आहे."

चहावाल्यासकट सगळे हसले, मिलिंदही. त्या गोंधळात गेज परत त्याच्याच खिशात गेलं, तेव्हा अण्णांनी न बोलता हात पुढे केला.