एका हातात हातोडा, दुसऱ्यात पावतीपुस्तक

तुम्ही ठरवलंच आहे तर आता मागे हटू नका. हजार-दोन हजार वर्षं गुपचूप उभा असलेला एखादा दगड तुमच्या श्रद्धेला इतका खुपतो की तो पाडल्याशिवाय तुम्हाला अन्न गोड लागत नाही, हे आम्ही समजू शकतो. फक्त काम नीट करा.

आधी कॅमेरा लावा. कॅमेऱ्याशिवाय मूर्ती फोडणं म्हणजे नुसती अंगमेहनत. आणि घण घालण्यापूर्वी समोरची वस्तू टिचकी मारून बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या शूरांनी इराकमधल्या मोसुलच्या संग्रहालयात पुतळे लोळवले, आणि फुटलेल्या छातीतून लोखंडी सळ्या बाहेर डोकावल्या. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे तिथले ॲसिरियन कारागीर सळई वापरत नसत. बरेच पुतळे प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. मोसुललगतच्या निनवे या प्राचीन ॲसिरियन राजधानीच्या नेर्गल दरवाजावरचा पंखांचा बैल मात्र अस्सल होता, त्याचा चेहरा यंत्राने खरवडून काढला. तेवढी अब्रू वाचली.

भूमिका बदलायला लाजू नका. तालिबानचा प्रमुख मुल्ला उमरने १९९९ मध्ये अफगाणिस्तानातल्या बामियानच्या, डोंगरात कोरलेल्या बुद्धमूर्ती जपा असा हुकूम काढला होता. पर्यटकांकडून चार पैसे मिळतील म्हणून. २००१ मध्ये त्यानेच त्या पाडायला सांगितलं. मोठी मूर्ती ५५ मीटरची, धाकटी ३८ मीटरची. तोफा, विमानविरोधी बंदुका सगळं वापरून झालं तरी डोंगर ऐकेना, तेव्हा गावातल्याच माणसांना दोरीने खाली सोडून सुरुंग ठासायला लावलं. आता त्या रिकाम्या कोनाड्यांसमोर तालिबानच्याच राजवटीत तिकीट फाडलं जातं. म्हणजे १९९९ चं गणित बरोबरच होतं, फक्त माल कमी झाला.

आता मुद्द्याचं. जे हलत नाही ते उडवा, जे मुठीत मावतं ते विका. बोटाच्या पेराएवढी एखादी दंडगोल मुद्रा घ्या: ओल्या मातीवरून फिरवली की रांगेने देव, बकऱ्या आणि एक राजा उमटतो. ही फोडायची नसते, बावळटपणा करू नका. ती मूर्तिपूजा आहे हे खरं, पण खिशात गेली की तिचा दोष जातो. खणणाऱ्यांना परवाने द्या आणि पाचवा हिस्सा कापून घ्या. पावती द्याच. मे २०१५ मध्ये सीरियात इस्लामिक स्टेटच्या अबू सय्यफ नावाच्या म्होरक्यावर अमेरिकी सैनिकांनी छापा घातला, तेव्हा अशाच पावत्या हाती लागल्या. साधारण चार महिन्यांची करवसुली २,६५,००० डॉलरहून जास्त. घरात मोसुलच्या संग्रहालयातल्या वस्तूही निघाल्या. व्हिडिओत घण, कपाटात माल! अशी शिस्त आमच्या हाउसिंग सोसायटीच्या हिशेबातही नसते.

दगड पाडून झाला तरी जमीन सोडू नका. मोसुलची नबी युनूसची मशीद जुलै २०१४ मध्ये उडवली, मग तिच्याखाली बोगदे खणले. मोसुल मुक्त होताना त्या बोगद्यांत ॲसिरियन राजवाड्याची शिल्पं दिसली. एवढं खोल खणायला पुरातत्त्व खात्याला कधी परवानगी मिळाली नसती.

गिऱ्हाइकाची काळजी नको. ते दूर, वातानुकूलित खोलीत बसलेलं असतं, तुमचा व्हिडिओ पाहून हळहळतं आणि हातातला तुकडा 'आजोबांच्या संग्रहातला' आहे यावर मनापासून विश्वास ठेवतं. सुरक्षा परिषदेने २०१५ मध्ये अशा व्यापारावर बंदी घातली. आजोबांनी ती वाचलेली नाही.

एकच अडचण आहे, आणि तिच्यावर आमच्याकडे उपाय नाही. म्हातारी माणसं. सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहराचे अवशेष पुरातत्त्वज्ञ खालेद अल-असद यांनी चाळीसेक वर्षं सांभाळले होते. मौल्यवान वस्तू कुठे लपवल्यात, एवढंच इस्लामिक स्टेटने विचारलं होतं. ऐंशी ओलांडलेला तो माणूस बोलला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, तरी उत्तर मिळालं नाही.

आफ्रिकेतल्या माली देशातल्या टिंबक्टूतही तेच. २०१२ मध्ये तुमचे लोक कुदळी घेऊन संतांच्या कबरी पाडण्यात दंग होते. त्या दिवसांत गावातले ग्रंथपाल पत्र्याच्या ट्रंकांत हस्तलिखितं भरत होते. ट्रंका गाढवाच्या गाड्यांवर चढल्या, नायजर नदीवरच्या होड्यांत उतरल्या, आणि राजधानी बामाकोला पोचल्या. कबरीशी खणणाऱ्यांना वर मान करून बघायला फुरसत नव्हती.