रेडिएशन घेणाऱ्याला घरातच राहू द्या

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणं निघतात, म्हणून मुलं आणि गरोदर बाईला लांब ठेवा, ताट-वाटी वेगळी करा, रेडिएशन म्हणजे शेवटचा उपाय, त्याने सगळे केस जातात, आणि अशक्तपणा आला तर पंधरा दिवस थांबा, राहिलेला शेक (म्हणजे रेडिएशनच) नंतर पुरा होतो. पहिली गोष्ट निराधार भीती पसरवते. शेवटची मात्र जिवावर बेतू शकते.

आधी किरणांचं पाहू. बहुतेकांना उपचार मिळतो तो लिनॅकवर. हे यंत्र विजेवर चालतं. वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळले की एक्स-रे तयार होतात, आणि वीज थांबली की तेही थांबतात. पेशंटच्या शरीरात काहीही शिल्लक राहत नाही. बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) विकसित केलेल्या भाभाट्रॉनसारख्या यंत्रात कोबाल्ट-६० असतं आणि ते सतत गॅमा किरणं सोडतं, पण तो स्रोत जाड कवचात बंद असतो, उपचारापुरताच उघडतो. या गॅमा किरणांनीही माणूस किरणोत्सर्गी होत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून दिल्या जाणाऱ्या ब्रॅकीथेरपीत इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याहून लहान स्रोत तारेच्या टोकावरून नळीतून आत जातो आणि ठरलेला वेळ संपला की यंत्रातल्या तिजोरीत परत येतो. तो परत आल्याची मीटरने खात्री केल्यावरच पेशंटला बाहेर आणतात.

‘मग टेक्निशियन खोलीबाहेर का जातात?’ कारण ते रोज कित्येक पेशंटना उपचार देतात, वर्षानुवर्षं. पेशंटला त्या डोसाचा फायदा असतो, त्यांना नसतो.

काही अपवाद खरे आहेत, त्यांतला मुख्य हा. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीन-१३१ पोटात दिलं जातं. त्याची मात्रा दर आठ दिवसांनी निम्मी होते आणि ते लघवी, घाम, लाळ यांतून बाहेर पडतं. म्हणून मोठा डोस घेतलेल्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी जाताना मुलांपासून किती दिवस लांब राहायचं ते सांगतात. मेसेजने हाच नियम सगळ्यांना चिकटवला आहे. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पेशंटला ‘वेगळं’ ठेवायचं म्हणजे त्याला गावी धाडायचं, आणि गावी गेला की उपचार तुटला.

शेवटचा उपाय? स्वरयंत्राचा सुरुवातीचा कॅन्सर फक्त रेडिएशनने बरा होऊ शकतो, आवाजही वाचतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आसपास पसरला असेल तर रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि नंतर ब्रॅकीथेरपी हाच मुख्य उपचार असतो. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी अनेकदा ८ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) एकच डोस पुरतो. तिथे हेतू आराम देण्याचा असतो.

केस जातात ते जिथे किरणं पडतात तिथलेच.

आता ‘पंधरा दिवस थांबा’. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये साधारण ६६ ते ७० ग्रे डोस ३३ ते ३५ फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे हप्त्यांत, देतात, आठवड्यातून पाच दिवस. रोज थोडं देण्याचं कारण असं की दोन फ्रॅक्शनच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपली मोडतोड दुरुस्त करतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. पण सुमारे चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सर पेशी झपाट्याने वाढू लागतात. नेमक्या त्याच सुमाराला तोंड सोलवटतं, गिळवत नाही, वजन उतरतं आणि घरचे म्हणतात, जरा थांबू या. या कॅन्सरमध्ये एकूण मुदत एका दिवसाने लांबली तरी गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. राहिलेले ग्रे नंतर देऊन ही भरपाई होत नाही.

त्रास होतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय आहेत: वेदनाशामक, मऊ आणि बिनतिखट खाणं, खाणं अगदीच थांबलं तर नाकातून नळी. वजन घटून मास्क (उपचारावेळी डोकं-मान स्थिर धरणारा साचा) सैल झाला तर लगेच सांगा. मान हलली की डोस भलतीकडे पडतो, म्हणून नवा मास्क आणि नवा सीटी लागू शकतो. किडके दात काढायचे तर रेडिएशनच्या आधी, जखम भरायला दहा ते चौदा दिवस ठेवून. नंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, काढलेल्या दाताची जागा भरेनाशी होऊ शकते आणि हाड सडू शकतं.

गणपतीला गावी जायचं असेल तर तारखा ठरवतानाच डॉक्टरांना सांगा. पावसात लोकल बंद पडून दिवस चुकला तर त्याच दिवशी विभागाला फोन करा. शनिवारी फ्रॅक्शन देता येतं, किंवा एकाच दिवशी दोन, मध्ये किमान सहा तास ठेवून. हे आठवडा संपायच्या आत कळवलं तर जमतं. शेवटच्या फ्रॅक्शनला कळलं तर भरून काढायला दिवसच उरत नाहीत.