आबा, दशावतारही ठरलेलाच असतो

आज, २१ एप्रिल २०२५ ला, पहाटे साडेचारला रेसलमेनिया ४१ चा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या सगळ्यात मोठ्या शोचा, दुसरा दिवस सुरू झाला तो साडेआठच्या सुमारास संपला. म्हणजे ऐन आंब्याच्या पेट्या भरायच्या वेळेला. देवगडात एप्रिलमध्ये कोणालाच झोप नसते, त्यामुळे जागरणाचं कौतुक नको. शेडमध्ये एका रिकाम्या पेटीला मोबाइल टेकवून ठेवलेला. शेजारचे आबा पाच डझनाच्या पेटीत पेंढा पसरत होते. एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "ता सगळा खोटा असता रे. आदीच ठरलेला असता."

बस्स. तिथून जे डोकं सटकलंय ते अजून ठिकाणावर नाही.

कारण हेच आबा जत्रांच्या दिवसांत दशावतार चुकवत नाहीत. पालखी झाली की मध्यरात्री पुढची जागा धरून बसणार ते उजाडेपर्यंत. दशावतारात काय ठरलेलं नसतं? आख्यान कोणतं ते रंगपटात ठरतं. राक्षस मरणार, देव जिंकणार, हे शेंगदाणे विकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. लुगडं नेसून रडणारी राणी दुपारी मिशी भादरून आलेली आहे, हेही ठाऊक असतं. तरी तिचा विलाप सुरू झाला की आबांचा रुमाल डोळ्यांना. संवाद मात्र लिहिलेले नसतात, ते जागेवर सुचतात, पायपेटीवाला आणि पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघत साथ देतात. रेसलिंग अगदी हेच आहे हो! शेवट ठरलेला, दोन-चार मोठ्या जागा ठरलेल्या, मधलं बरंचसं रिंगमध्ये बोलून. हेडलॉक, म्हणजे समोरच्याची मान काखेत दाबून धरलेली असताना दोघांची डोकी इतकी जवळ का असतात आणि केस तोंडावर का येतात, ते पुढच्या वेळी नीट बघा. पुढचा डाव कानात सांगितला जात असतो. रेफरीच्या कानातही यंत्र असतं, आतून किती मिनिटं उरली ते त्याला कळतं आणि तो दोघांच्या कानाला लावतो. त्याने हात डोक्यावर नेऊन फुली केली, की समजायचं कोणाला तरी खरंच लागलंय.

आणि पडणं? पडणं कसं खोटं करणार, आबा?

रिंग म्हणजे गादी नव्हे. वीस बाय वीस फुटांची लोखंडी चौकट, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर, वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. एवढंच. पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास सोडून द्यायचा, दोन्ही हात अंगापासून जरा लांब ठेवून तळव्यापासून खांद्यापर्यंत एका वेळी आपटायचे आणि भार पाठीच्या वरच्या रुंद भागावर घ्यायचा. हनुवटी सुटली की डोकं मागे झटकतं आणि फळीवर आदळतं. घाबरून हात मागे टेकला की मनगट नाहीतर कोपर गेलं. अंग आखडलं, श्वास कोंडला, तर छातीतली हवा निघून जाते आणि माणूस माशासारखा तोंड उघडत पडतो. दोरांचंही तसंच. डब्ल्यूडब्ल्यूईचे दोर खरे दोरच, वर टेप गुंडाळलेली. बऱ्याच इतर रिंगमध्ये नळीत घातलेली लोखंडी केबल असते. त्यावर पाठ टाकून उसळी घेताना वरचा दोर हाताने धरायचा असतो, कारण दोर सैल निघाला तर माणूस थेट बाहेर. नवख्यांच्या काखेखाली आणि पाठीवर काळेनिळे वळ उठतात. छातीवरची चापट तर खरीच असते, तिच्यात लपवायला काहीच नाही. बुक्की मात्र फसवी. मारणारा त्याच क्षणी पाय आपटतो, आवाज पायाचा. हे मान्य. एवढंच मान्य.

ज्यांनी लहानपणी रेसलरांच्या ट्रम्प कार्डांवर छाती आणि दंडाचे इंच पाठ केले त्यांना ओवेन हार्ट आणि स्टोन कोल्ड ऑस्टिन या दोन रेसलरांची गोष्ट सांगायला नको. आबांसाठी सांगतो. ३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम नावाचा शो. पाइलड्रायव्हरमध्ये समोरच्याला उलटा धरतात, डोकं आपल्या मांड्यांमध्ये. अंडरटेकर हाच डाव गुडघ्यांवर उतरून द्यायचा. त्यात गुडघे आधी टेकतात आणि समोरच्याचं डोकं वरच राहतं. ओवेन बसला. ऑस्टिनचं डोकं त्याच्या मांड्यांच्या खाली आलेलं होतं, त्यामुळे ओवेनचं बूड टेकायच्या आधी डोकं टेकलं. सगळा भार मानेवर. ऑस्टिनचे हातपाय हलेनात. आणि निकाल काय ठरलेला? ऑस्टिन जिंकणार! ओवेन प्रेक्षकांकडे तोंड करून टर उडवत वेळ काढत राहिला, ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, ओवेनला खांदे टेकवून नावापुरता गुंडाळला, रेफरीने तीन मोजले, की सामना जिंकला. ठरलेलं होतं म्हणूनच तो माणूस मोडक्या मानेने शेवटापर्यंत पोचला. याला खोटं म्हणायचं?

असो. आता आजच्या शोकडे. आबांवरचा राग थोडा उतरलाय, तो तिकडे वळवतो.

सुरुवात इयो स्काय, रिया रिपली आणि बियांका बेलेअर या तिघींच्या सामन्याने. दोन्ही रात्रींतला सगळ्यात चांगला सामना तो, यावर माझ्याशी वाद घालू नका. तिघांच्या सामन्यात नेहमीचा आळस काय, तर एकाला बाहेर लोळवून ठेवायचं आणि आत दोघांनी खेळायचं, मग पाळी बदलायची. इथे तिघी एकमेकींत गुंतलेल्या, एकीच्या डावात दुसरी घुसतेय, तिसरी मोजणी तोडतेय. मोजणी तोडायलाही घड्याळ डोक्यात लागतं. अर्धा सेकंद लवकर आलात तर लोकांचा श्वास अडकत नाही, उशीर झाला तर रेफरीला हात हवेत थांबवावा लागतो आणि सगळं उघडं पडतं. शेवटी इयोचा मूनसॉल्ट. वरच्या दोरावरून पाठमोरी उडी, हवेत उलटी कोलांटी, छातीवर उतरायचं. बघणाऱ्याला ती पूर्ण अंगावर पडलेली दिसते. खरं तर बराचसा भार तिचे तळवे आणि गुडघे कॅनव्हासवर घेतात आणि खालची हात वर करून तिला झेलते. खालची कोपऱ्यापासून वीतभर चुकीच्या जागी पडली असेल, तर गुडघा थेट तोंडावर नाहीतर बरगडीत. इथे तर खाली दोघी. पुन्हा एकदा लावून बघा, ती उतरते ती जागा बघा.

मधल्या सामन्यांवर फार बोलत नाही. डॉमिनिक मिस्टीरिओला इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट, म्हणजे तिथलं एक अजिंक्यपद, मिळाला, शिव्या खाणारं पोर टाळ्या घेऊन गेलं, मजा आली. बाकी ठीक. मोठ्या दोन सामन्यांच्या मध्ये मुद्दाम हलकं काहीतरी ठेवतात, लोकांचा घसा मोकळा व्हावा म्हणून. पण आज हलकं फार झालं.

आणि मग जॉन सीना विरुद्ध कोडी ऱ्होड्स.

१ मार्चला टोरोंटोत सीनाने कोडीला मिठी मारली आणि रॉकने गळ्यावरून बोट फिरवल्याबरोबर लाथ घातली. वीस वर्षं सज्जन राहिलेला माणूस एका क्षणात खलनायक! अंगावर काटा आलेला. त्याचा शेवट आज काय? रॉक आलाच नाही. ज्याने आग लावली तोच गायब. त्याच्या जागी ट्रॅव्हिस स्कॉट, गाणारा माणूस, चालत येतो आणि रेफरीच्या कामात लुडबुड करतो. म्हणजे भीम गदा उचलतोय, दुर्योधन मांडी चोळतोय, आणि तेवढ्यात जत्रेतला आइस्क्रीमवाला मंचावर चढतो. आबांच्या जत्रेत असं झालं असतं तर मंडळाला पुढच्या वर्षीचा नारळ मिळाला नसता. मग कोडी बेल्ट हातात घेऊन विचार करत उभा, सीनाचा लो ब्लो, म्हणजे कमरेखालचा फटका, बेल्ट डोक्यात, एक-दोन-तीन. सतरावं अजिंक्यपद, रिक फ्लेअरचा सोळाचा आकडा मागे. इतका मोठा क्षण, आणि स्टेडियममध्ये उत्साह गार. सामनाही रेंगाळलेला.

बरं, सीना परवा अठ्ठेचाळीसचा होतोय, तो विशीतल्यासारखा धावणार नाही, कळतं. खलनायकाने जिंकावं हेही बरोबर, निरोपाच्या वर्षात लोकांना अजून चिडवायचं असेल. माझा निकालावर राग नाहीच. निकाल ठरलेला असतो म्हणूनच तो नीट सांगायला लागतो! काल पहाटे पहिल्या दिवशी पंक, रोमन आणि रोलिन्स या तिघांच्या सामन्यात पॉल हेमन या मॅनेजरने आधी पंकला आणि मग रोमनला दगा दिला आणि रोलिन्स जिंकला. शकुनीचा डाव होता तो. महिनाभर फासे समोर टाकलेले, तरी फासा पडला तेव्हा शेडमध्ये एकटा ओरडलो. त्याच लेखणीला आज काय झालं?

हे सगळं आबांना समजावून सांगितलं. हनुवटी, फळ्या, ओवेन हार्ट, सगळं. ते पेटी भरत राहिले, एक डागी आंबा बाजूला काढला, ऐकतायत की नाही कळेना. शेवटी काही न बोलता इयोचा सामना सुरुवातीपासून लावून मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. पाच मिनिटांनी पेंढ्याचा आवाज थांबला. बियांकाने रियाला उचलून आपटलं तेव्हा म्हणाले, "हिका लागला खरा."

मी म्हटलं, "आबा, खोटं असतं ना?"

"गप ऱ्हव. बघूक दी."