दहा लिटर आवाज

गेली दोन वर्षं आमच्या घरात गाणी स्टीलच्या पेल्यातून येतात. पेल्यात मोबाइल उभा ठेवला की आवाज वाढतो, पण सगळे गायक विहिरीत उतरून गातायत असं वाटतं. बायको म्हणाली, "एक बरा स्पीकर विकत आण." मी म्हणालो, "विकत कशाला? घरी करू." हे वाक्य आमच्या घरात याआधी अनारशांच्या बाबतीत उच्चारलं गेलं होतं. त्या अनारशांचं पुढे काय झालं हे कढईला विचारावं.

तसं पाहिलं तर घरी स्पीकर करणं अवघड नाही. बाजारातून उघडा स्पीकर आणायचा (जाणकार त्याला ड्रायव्हर म्हणतात), पेटीला भोक पाडायचं, चार स्क्रू आवळायचे, दोन वायरी जोडायच्या. अवघड असतं ते कोणता करायचा हे ठरवणं. एकच फुल रेंज ड्रायव्हर लावून मोकळं व्हायचं, की खर्जाला वूफर आणि वरच्या सुरांना ट्वीटर असा दोघांचा संसार थाटायचा? संसार म्हटला की क्रॉसओव्हर आला. कॉइल आणि कपॅसिटर घेऊन तो दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास बांध घालतो, इकडचं तुझं, तिकडचं त्याचं. आमच्या गावच्या जमिनीत असाच एक बांध आहे. तीन पिढ्या झाल्या, तारखा चालू आहेत. मी फुल रेंज घ्यायचं ठरवलं. ठरवायला पाच महिने लागले.

मग प्रश्न आला, पेटी सगळीकडून बंद ठेवायची की तिला पोर्ट म्हणजे नळी द्यायची? खालच्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून दार उघडं ठेवून बसतात. त्यांनी कोकमाची रिकामी बाटली घेतली आणि तोंडावर फुंकर मारली. भोंगा वाजला. "हा तुझा पोर्ट. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी, गळ्यातली हवा वजनासारखी. दोघी मिळून एका सुराला घुमतात. तो सूर बरोबर जागी बसला तर खर्ज फुकट मिळतो. चुकला तर," त्यांनी पुन्हा फुंकर मारली, "हेच ऐकत बसायचं." काकू आतून म्हणाल्या, "बाटली धुवायची होती ती." मी बंद पेटीवर शिक्कामोर्तब केलं.

पेटीचं माप पूर्वी बरंचसं अंदाजपंचे काढत. १९६१ मध्ये नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं त्याचं गणित मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉलनं ते पुढे नेलं. तेव्हापासून प्रत्येक बऱ्या ड्रायव्हरसोबत रक्ताच्या रिपोर्टसारखा कागद येतो: एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. क्यूटीएस, म्हणजे ड्रायव्हरचं स्वतःचं घुमणं किती आवरलेलं आहे याचा आकडा, ०.४ च्या खाली असेल तर साधारणपणे पोर्टची पेटी मानवते, बराच वर असेल तर बंद पेटी बरी. हे पाठ करून मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "याचा क्यूटीएस किती?"

तो म्हणाला, "दोनशे वॅट."

"नाही, क्यूटीएस."

"साहेब, गणपतीत भिंत हलते याच्यावर."

मला त्याचा राग आला नाही. पोळीच्या डब्याएवढ्या टेपरेकॉर्डरवर 'हजार वॅट पीएमपीओ' (म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेलं वाचत आमची पिढी मोठी झाली. वॅट सोडून आवाजाला दुसरं काही माप असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी रिपोर्टसकट येणारे चार इंची, आठ ओहमचे दोन ड्रायव्हर कुरिअरनं मागवले. गणित केलं. उत्तर आलं: प्रत्येकी दहा लिटर.

"लिटर?" बायको म्हणाली. "आवाज लिटरमध्ये?"

"आवाज नाही, पेटीतली हवा."

"दहा लिटर हवा आणि त्याच्यासाठी सुतार." ती हिशोब लिहिते तेव्हा जशी थांबते, तशी थांबली.

मिस्त्रींना मी एमडीएफ म्हणालो. "तो भुसा हो. एका पावसाळ्यात पापड होतो." मग अठरा एमएमचा प्लाय ठरला. मी कागदावर माप लिहून दिलं: १८ बाय २२ बाय २५ सेंटिमीटर. गुणाकार करून बघा, ९.९ लिटर. मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"दार कुठं येणार?"

"दार नाही."

"मग आत काय ठेवायचं?"

"काही नाही. हवा."

"हवेला एवढं पॅक?" त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बरं, वरून सनमायका मारू का? फुलाफुलाचा आहे माझ्याकडं, उरलेला."

आठ दिवसांनी पेट्या आल्या. सांधे असे की पत्त्याचं पान शिरणार नाही. फक्त मला त्या जरा नाजूक वाटल्या. काका म्हणाले, "मोजून बघ." आईनं लगेच सूत्रं हाती घेतली, कारण माप हा तिचा प्रांत. केकसाठी आणलेला एक लिटरचा मग आणि गव्हाचा डबा घेऊन ती खाली बसली आणि ड्रायव्हरच्या भोकातून गहू ओतायला लागली. एक, दोन, तीन. मी उभा. पाच झाले आणि पेटी गळ्याशी आली. सहावा मग निम्म्याहून थोडा जास्त रिता झाला आणि गहू बाहेर सांडले.

"दहा नाही रे. पावणेसहासुद्धा नाहीत."

मी कागद पाहिला. १८ बाय २२ बाय २५. 'आतून' हा एक शब्द त्यावर नव्हता. मिस्त्रींनी, जगातला कुठलाही शहाणा माणूस करील तसं, बाहेरून माप धरलं होतं. दोन्ही बाजूंनी अठरा-अठरा मिलिमीटर लाकूड आत आलं आणि माझी चार लिटर हवा खाऊन गेलं. स्मॉलसाहेबांचं नाव मी इतकं शब्दशः घ्यायला नको होतं.

हवा कमी म्हणजे स्प्रिंग कडक. खालचा खर्ज गळतो आणि त्याच्या जरा वर एक ढेकर उरतो. काकांनी उपाय सांगितला: आत कापूस भर, हवा असते त्यापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वागते. हे खरं आहे, पण 'थोडी' या शब्दावर जोर द्यावा. एक जुनी उशी बळी गेली. ड्रायव्हर बसवले, आकाशवाणी लावली. आईनं दोन मिनिटं ऐकलं.

"बातम्या देणाऱ्याला सर्दी झालीय का?"

शिवाय कापसाखाली राहून गेलेले काही गहू तबल्याच्या प्रत्येक 'धा'ला दाद देत होते.

मग आई सहज म्हणाली, "तुझे बाबा माठात बसवायचे." मला आठवलं. ऐंशीच्या दशकात आमच्याच काय, गल्लीतल्या दोन-तीन घरांत कोपऱ्यात माठ असायचा, तोंडावर स्पीकर उपडा नाहीतर आभाळाकडे बघत, आणि त्यातून विविध भारती घुमायची. थील कुणाला माहीत नव्हता. गोल पोटाला समोरासमोर सपाट भिंती नसतात, त्यामुळे आवाज पेटीतल्यासारखा दोन सपाट भिंतींमध्ये येरझारा घालत नाही, हे आज काका मला समजावतात. तेव्हा सगळे नुसतं "घुमतो छान" एवढंच म्हणायचे.

आईनं स्वयंपाकघरातला माठ रिकामा करून मगानं पाणी भरलं. दहा आणि वर अर्धा. चार इंची ड्रायव्हर तोंडावर असा बसला की कुंभारानं बहुतेक रिपोर्ट वाचला असावा. वाळवून, कडेला पुटी लावून आकाशवाणी लावली. सर्दी गेली. बायको दारात येऊन पूर्ण गाणं होईपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "छान आहे. पाणी कशातलं प्यायचं?"

शिवाय स्टिरिओ म्हणजे दोन लागतात. म्हणून रविवारी कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो. घासाघीस न करता सरळ म्हणालो, "दहा लिटरचा. आतून." कुंभारमामांनी एक माठ उचलला, बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि माझ्या कानाशी धरला. ठण्ण असा देवळाच्या घंटेसारखा आवाज, विरता विरेना.

"खणखणीत. आणि पाझरतो असा की दुपारी बर्फ विसराल."

स्पीकरची पेटी स्वतः वाजता कामा नये आणि तिच्यातून हवा निसटता कामा नये, हे मला आता झोपेतही येतं. मी माठ हळूच खाली ठेवला.

"मामा, जरा बद्द वाजणारा नाही का? आणि अजिबात न पाझरणारा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि तिला विचारलं, "ताई, माठच पाहिजे ना?"