बांगर ओपनर होता का? लातूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

भारताकडून खेळलेल्या संजय बांगरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की 12 कसोट्या, 470 धावा आणि एकुलतं एक शतक, तेही झिंबाब्वेविरुद्ध. अशा माणसाला 'बीडचा ओपनर' (सलामीचा फलंदाज) म्हणून डोक्यावर घेणं म्हणजे निव्वळ जिल्हाप्रेम. तो धड बीडचा नाही आणि धड ओपनरही नाही. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचं बरंचसं खरं आहे आणि ते कबूल करणं जिवावर आलं होतं.

आधी चूक. नागपूरचं ते नाबाद शतक (फेब्रुवारी 2002) मी सलामीच्या खात्यात टाकलं. तो तेव्हा सातव्या नंबरवर खेळला होता. तुम्ही बरोबर पकडलंत.

हेडिंग्लीची खेळी मात्र मी सोडणार नाही. ऑगस्ट 2002, भारताचा इंग्लंड दौरा. लॉर्ड्सला हरलो होतो, ट्रेंट ब्रिजची कसोटी अनिर्णित. सलामीवीर वासिम जाफरला बसवून सेहवागबरोबर बांगरला पाठवलं. आभाळ भरलेलं, तरी गांगुलीनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली. मी तेव्हा अंबाजोगाईत भाड्याच्या खोलीवर राहायचो, मॅच घरमालकांच्या टीव्हीवर. सेहवाग 8 वर गेला आणि पाठोपाठ लाइटही गेली. दोन तासांनी आली तेव्हा चार-पाच तरी उडाले असतील असं धरूनच चाललो होतो. बघतो तर एक बाद. बांगर आणि द्रविड. घरमालक वैतागले, "अजून हेच दोघं? मारीनात का काय!"

मारत नव्हतेच. होगार्ड, कॅडिक ऑफ स्टंपच्या बाहेर टाकायचे आणि बांगर बॅट वर उचलून चेंडू कीपरकडे जाऊ द्यायचा. सोडता येत नसेल तो अंगावर घ्यायचा. 68 धावांना त्यानं दोनशेवर चेंडू घेतले, द्रविडबरोबर 170 जोडल्या. दिवसाअखेर 2 बाद 236. पुढे द्रविड 148, सचिन 193, गांगुली 128, डाव 8 बाद 628 वर घोषित, आणि आपण एक डाव 46 धावांनी जिंकलो. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगरनं दोन विकेटही काढल्या.

तुम्ही म्हणता, सचिन-गांगुलीनं धुतलं म्हणून जिंकलो. धुतलंच की हो. पण सचिन आला तेव्हा चेंडू जुना झाला होता आणि बोलरांचे खांदे उतरले होते. पहिल्याच तासात तिघं गेले असते तर त्याच्या वाट्याला कोणता चेंडू आला असता? आपल्याकडच्या सहा ओव्हरच्या टेनिस बॉल स्पर्धांत चेंडू सोडणारा ओपनर पुढच्या सामन्याला घरी बसतो. (मी एकदाच सोडला होता. बाउंड्रीवरून कॅप्टनची चप्पल आली.) त्यामुळे असली खेळी आपल्या डोळ्यांत भरतच नाही.

आणि ती एकच नव्हती. ऑक्टोबरमध्ये वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध सेहवाग-बांगरनं 201 ची सलामी दिली. त्यात बांगरच्या 55. मग डिसेंबरात न्यूझीलंड. वेलिंग्टनला आपण दोन डावांत 161 आणि 121 वर बाद, हॅमिल्टनला 99 आणि 154 वर. सगळेच पडले, पण सेहवाग-सचिनला पुढची मालिका मिळणारच होती. ज्याचं पोटच टिकून राहण्यावर, तो टिकला नाही की संपलं. पहिल्या कसोटीपासून शेवटच्यापर्यंत जेमतेम वर्ष. पुढे 2003 मध्ये सेहवागचा जोडीदार आकाश चोप्रा झाला.

जाफर त्याच्यापेक्षा मोठा सलामीवीर, हे तुमचं म्हणणं मान्य. त्यानं 2006 मध्ये अँटिग्वात 212 काढल्या, त्या बांगरच्यानं झाल्या नसत्या. मी तुलना केलीच नव्हती.

राहिलं बीड. जन्म बीडचा, पण मुंबईच्या रणजी संघात जागा मिळाली नाही म्हणून तो रेल्वेकडून खेळला आणि त्यांच्याबरोबर रणजी करंडकही जिंकला. त्यात बीडचं श्रेय शून्य, हे तुमचं खरं. पण मग आपल्या हाताला लागतं कोण? इथल्या पोराला आजही रणजीसाठी महाराष्ट्राच्या संघात, म्हणजे पुण्याच्या दारात उभं राहावं लागतं. जालन्याचा विजय झोल 2014 च्या अंडर-19 विश्वचषकात भारताचा कप्तान होता. भारताच्या मोठ्या संघापर्यंत तो पोचला नाही. 'आपला' म्हणायला आम्हाला फार पर्याय नाहीत हो.

नागपूरची चूक मूळ लेखात दुरुस्त केली आहे. 'बीडचा' याऐवजी 'बीडमध्ये जन्मलेला' केलंय. 'ओपनर' तसाच ठेवलाय.