बारा वडे, बस तू

फिनलंडमधल्या तीन गायकांच्या गटाचं नाव ‘काय’. केव्हिन, अ‍ॅक्सेल, याकोब या नावांची आद्याक्षरं जोडून स्वीडिशमध्ये वाचली की उच्चार थेट आपला ‘काय’ होतो. त्यामुळे २०२५ च्या मेमध्ये त्यांचं गाणं ऐकवायला कणकवलीला आईला फोन लावला तेव्हा संवाद असा झाला:

“गाणा कोणाचा ह्या?”
“काय.”
“अरे, कोणाचा ता इचारतंय.”

गाण्याचं नाव ‘बारा बाडा बस्तू’. आईला ऐकू आलं, ‘बारा वडे, बस तू’. मालवणी बाईला दुसरं काय ऐकू येणार! अर्थ एवढाच, की नुसता सौना घ्यायचा. फिनलंडमधल्या घराघरांतली ती लाकडी, वाफेची खोली. तापलेल्या दगडांवर ओगराळ्याने पाणी टाकायचं आणि घाम गाळत बसायचं. बस तू, हे काही अगदीच चुकीचं नाही.

मी राहतो वासाला, फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. हे तिघे इथून जवळच्याच व्योरो नावाच्या गावचे. तिथली माणसं स्वीडिशची एक बोली बोलतात, आणि गाणंही त्याच बोलीत आहे. ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी बसणारा व्योरोचाच. तो सांगतो, स्टॉकहोमला गेलो की बोली खिशात घालून ठेवावी लागते. आणि त्याच बोलीतलं गाणं ८ मार्चला युरोव्हिजनसाठीच्या, म्हणजे देशोदेशींच्या गाण्यांच्या युरोपीय स्पर्धेसाठीच्या, स्वीडनच्या राष्ट्रीय निवड फेरीत पहिलं आलं. तेही मोन्स सेल्मेर्लोव्हला मागे टाकून, ज्याने २०१५ ची युरोव्हिजन जिंकली होती! १७ मेला स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या अंतिम फेरीत ते ३२१ गुणांनी चौथं आलं.

यातली गंमत कळायला थोडं मागे जावं लागेल. आपल्याच देशाच्या भाषेत गायचं, हा युरोव्हिजनचा नियम मधली काही वर्षं सोडली तर १९९८ पर्यंत होता. त्या मधल्या सवलतीतच १९७४ मध्ये स्वीडनचा ‘आबा’ हा गट इंग्रजीत गाऊन जिंकला. १९९९ ला नियम कायमचा गेला आणि स्वीडनने स्वीडिश सोडली ती सोडलीच. सव्वीस वर्षं तिथून इंग्रजी गाणी जात राहिली. शेवटी स्वीडिश परत आणली ती शेजारच्या देशातल्या तीन गावकऱ्यांनी. खुद्द फिनलंडने स्वीडिश गाणं पाठवलं ते दोनदाच, १९९० आणि २०१२ मध्ये, आणि दोन्ही वेळा पार आपटलं.

हे सगळं चालू होतं तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेगळंच पेटलं होतं. १६ एप्रिलचा शासन निर्णय, पहिलीपासून हिंदी. मग जूनमधला सुधारित निर्णय. मग २९ जूनला दोन्ही रद्द. मी गाण्याची लिंक टाकली तर एक मित्र म्हणाला, “तुमच्याकडे बरं आहे रे, भाषेवरून डोकी फुटत नाहीत.”

डोकी फुटत नाहीत, पण तापतात. ‘पाक्कोरुओत्सी’ हा इथला रोजच्या वापरातला शब्द आहे: सक्तीची स्वीडिश. स्वीडिश मातृभाषा असलेले जेमतेम पाच टक्के, तरी फिनिश बोलणाऱ्या मुलांना ती शाळेत शिकावीच लागते. त्यावर कुरकुर माझ्या ऑफिसच्या कॉफीच्या मशीनपाशीही ऐकू येते. फरक मला दिसतो तो दुसरीकडे. ही सक्ती दुतर्फा आहे, इथल्या स्वीडिश बोलणाऱ्या मुलांनाही फिनिश चुकत नाही. आणि गावात अल्पसंख्य भाषेचे आठ टक्के किंवा तीन हजार लोक असले की ते गाव कायद्याने द्वैभाषिक. रस्त्याच्या पाटीवर दोन्ही नावं, ज्यांची संख्या जास्त त्यांचं वर. वासाच्या पाट्यांवर फिनिश वर. व्योरोच्या हद्दीत शिरलं की क्रम उलटतो. हे आकड्यावर ठरतं, कुणाच्या सभेवर नाही. आपल्याकडे मराठी सर्व शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० चा आहे. त्याची अंमलबजावणी किती झाली, यावर आमच्या ग्रुपवर एक ओळ आली नाही.

तरी या विजयाने मी पूर्ण हुरळलेलो नाही. बोली आत शिरली ती हसवत. सौना, घाम, टॉवेल, गावरान उच्चार. याच बोलीतलं विरहगीत स्टॉकहोमने निवडलं असतं का? मला शंका आहे. हा अनुभव मालवणी माणसाला नवा नाही. रंगमंचावर कोणी ‘खय चललंस’ म्हटलं की पुणे-मुंबईचं प्रेक्षागृह विनोद व्हायच्या आधीच हसतं. शाळेत मी ‘माका’ म्हटलं की बाई ‘मला म्हण’ म्हणत वाक्य पुन्हा म्हणून घ्यायच्या. ऑफिसातल्या शेजाऱ्याला विचारलं, तुम्हाला असं कोणी केलं का? तो म्हणाला, वर्गात लिहायचं ते प्रमाण स्वीडिशमध्ये, मधल्या सुट्टीत बोलीत, त्यात दुरुस्त काय करायचं?

दुरुस्ती मीच चालू ठेवली आहे, हे मला या गाण्यामुळेच कळलं. बायको अकोल्याची. ती वऱ्हाडी विसरून आली, मी मालवणी. घरात आम्ही दोघंही बातम्यांतल्यासारखं मराठी बोलतो. मुलगी स्वीडिश पाळणाघरात जाते. ‘बारा बाडा बस्तू’ तिला तोंडपाठ आहे, आणि शेजारी शपथेवर सांगतो की उच्चार अस्सल व्योरोचे आहेत.

परवा आईने तिला फोनवर विचारलं, “जेवलंस काय गो? काय खाल्लंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, आजी काय म्हणते?”

मी तोंड उघडायच्या आत आईनेच स्वतःला दुरुस्त केलं. शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, “तू जेवलीस का, बाळ?”