फादर दिब्रिटो यांना ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सप्टेंबर २०१९ मध्ये वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि लगेच त्यांच्याविरुद्ध मजकूर फिरू लागला. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमकीचे फोन गेले. २५ जुलै २०२४ रोजी फादर आपल्यातून गेले, तरी तो दावा अजून कुठे ना कुठे डोकं वर काढतोच. त्याचा गोषवारा असा: पोर्तुगीज आडनावाचा हा मिशनरी बाहेरचा, धर्मांतर हेच त्याचं काम, धर्मप्रचार सोडला तर साहित्यात त्याचं काही नाही, निवडणूक टाळून त्याला अध्यक्ष केलं आणि त्याने व्यासपीठ राजकारणासाठी वापरलं.

आधी ‘बाहेरचा’ हा शब्द घेऊ. फादर नंदाखालचे. वसई तालुक्यातलं हे गाव. इथल्याच मराठी शाळेत ते शिकले आणि त्यांचा अंत्यविधीही नंदाखालच्याच पवित्र आत्मा चर्चमध्ये झाला. आडनावाचं म्हणाल, तर वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या शेतकरी, कोळी, कारागीर कुटुंबांचं धर्मांतर झालं. त्यात आमिष होतं, सक्तीही होती. ते झाकायचं काहीच कारण नाही. पण बाप्तिस्म्याबरोबर आडनाव बदललं, माणसं तीच राहिली. पोर्तुगीज निघून गेले, ही माणसं आपापल्या वाडीत राहिली. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी या इथल्या मराठी बोली बोलत राहिली, मराठीत भजनं म्हणत राहिली. यांना बाहेरचं ठरवायचं तर आतलं कोण, हे तरी सांगा.

‘धर्मांतर हेच काम’ या आरोपाला कुणी गाव, साल, प्रसंग जोडलेला मला आजवर दिसला नाही. फादर १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. वसईच्या धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीतल्या) धर्मगुरूचं रोजचं काम असतं मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याची भेट, मयत. ज्यांच्यासाठी हे चालतं ती घरं कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्तीच आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली. फादरांची पिढी त्या वाऱ्यात वाढली, म्हणून त्यांना वेदीवरही मराठीच आठवत असे. याच मातीतले वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तुकोबांचा. ‘मिशनरी’ म्हणून हिणवताना हा इतिहास कुणी उलगडून पाहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता साहित्याबद्दल, कारण खरा अन्याय इथे झाला आहे. १९८३ ते २००७, जवळपास पाव शतक, फादर ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. चर्चचं मासिक म्हटलं की प्रार्थना आणि संतचरित्रं, अशी आपली समजूत असते. त्यांनी ते सगळ्या मराठी वाचकांसाठी खुलं केलं. समाज, पर्यावरण, साहित्य यांवरचं लेखन त्यात येऊ लागलं. मग त्यांनी बायबलचा अनुवाद हाती घेतला. मराठीत बायबल नवं नव्हतं. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींनी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, १८११ मध्येच मराठीत छापला होता. पण पुढच्या अनुवादांची भाषाही बरीचशी पोथीतच अडकलेली. फादरांनी ती आजच्या बोलत्या मराठीत आणली, आणि ‘सुबोध बायबल – नवा करार’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ज्ञानेश्वरांनी गीता लोकांच्या भाषेत आणली याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला तरी हे काम परकं वाटू नये. शिवाय प्रवासवर्णन आहे, आत्मकथन आहे, ललित लेखन आहे. एकही पान न उघडता ‘काही नाही’ म्हणणं सोपं आहे.

आणि या लेखणीने केवळ कागद रंगवले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर पुढे होते. बाहेरच्यांना कदाचित कल्पना नसेल, पण वसईची शेती विहिरींवर आणि बावखलांवर उभी आहे. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरतं, जमिनीत पाणी मुरवतं आणि समुद्राचं खारं पाणी आत येऊ देत नाही. त्या काळी पंप लावून वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींना विकलं जाऊ लागलं. बेसुमार उपशाने गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. केळी, पानवेली, फुलझाडं यांना मचूळ पाणी सोसत नाही. बिल्डर, टँकरवाले आणि त्यांच्यामागची गुंडगिरी यांच्याविरुद्ध उभं राहायला तेव्हा छाती लागत होती. त्या मोर्च्यांत हिंदू होते, ख्रिस्ती होते, कारण विहीर सगळ्यांचीच खारी होत होती. या माणसाला धर्मापलीकडे काही दिसत नव्हतं म्हणता?

निवडणुकीचा मुद्दा एका वाक्यात संपतो. महामंडळाच्या घटनेत दुरुस्ती करून अध्यक्षपदाची निवडणूक बंद झाली ती फादरांच्या आधी, आणि त्या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष म्हणजे २०१९ च्या यवतमाळ संमेलनातल्या अरुणा ढेरे. तेव्हा ‘लादलं’ अशी आरोळी उठली नव्हती.

राहता राहिलं राजकारण. जानेवारी २०२० मध्ये पाठीचं दुखणं बळावलेलं असतानाही फादर उस्मानाबादला आले आणि दिल्लीत जेएनयूच्या (जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांवर नुकत्याच झालेल्या हल्ल्याचा त्यांनी निषेध केला. हो, केला. तो अनेकांना रुचला नाही, आणि तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, ते आपण आजही अभिमानाने सांगतो. अध्यक्षाने भोवतालाबद्दल बोलायचं ही आपलीच रीत आहे. फादरांच्या मतांशी वाद घालायचा असेल तर जरूर घाला, त्यांच्या शब्दांना शब्दांनी उत्तर द्या. त्यांच्या आडनावाला आणि झग्याला दिलेलं उत्तर मात्र वाद म्हणून मोजता येत नाही.